शिंपीमामांचा चिखल

चिखलाविषयी सबंध म्हैसुरात ज्या माणसाला सर्वांत जास्त कळत होतं तो सातवी नापास शिंपी होता, आणि त्याच्या हातांच्या जिवावर मी डॉक्टरेट मिळवली. हे वाक्य मी आता लिहिते आहे, निवृत्त झाल्यावर, पेन्शन सुरळीत सुरू झाल्यावर, ज्यांना ते वाचून राग आला असता ते सगळे साहेबही घरी बसल्यावर. नोकरीत असताना लिहिलं असतं तर त्या वाक्याला काही किंमत होती. आता ते नुसतं खरं आहे.

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून म्हैसूरला आले, सरस्वतीपुरममध्ये बिऱ्हाड थाटलं, कॉलेजात नोकरी धरली, आणि पुढे सरकायचं तर डॉक्टरेट लागते असं कळल्यावर विषय घेतला तळ्यांच्या गाळाचा. सासरी हा विषय सांगताना माझी जीभ अडखळायची. विषय तसा सोपा होता. सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतातून नायट्रोजन तळ्यात येतो, त्याचं पाण्यात नायट्रेट होतं, आणि ते झिरपत पिण्याच्या पाण्यात उतरलं की वाईट, तान्ह्या मुलांना तर फारच वाईट. पण तळाच्या गाळात, जिथे हवा पोचत नाही तिथे, असे जंतू राहतात जे या नायट्रेटची मोडतोड करून त्याचा साधा नायट्रोजन वायू करतात. तो वर येऊन हवेत मिसळतो. हवेत तो आधीच भरपूर आहे, कोणाचं काही बिघडत नाही. म्हणजे वरून आपण जी घाण घालतो तिच्यातला बराचसा नायट्रोजन तळचा चिखल मुकाट्यानं हवेला परत करतो. हे काम तो किती करतो ते मोजायचं, एवढाच माझा अभ्यास.

त्या अभ्यासासाठी मला पाणी गाळायला अतिबारीक जाळीच्या कापडाची एक लांब पिशवी शिवून हवी होती. आमच्या भागातल्या चार शिंप्यांनी कापड हातात घेऊन परत केलं. पाचवं दुकान मामांचं. दारावर 'लेडीज स्पेशालिस्ट' अशी पाटी, आत भिंतीवर विठोबा, आणि मशीनवर नाकाच्या शेंड्यापर्यंत चष्मा उतरवून बसलेला एक बारका माणूस. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये पिशवी समजावत होते, ते सफाईदार कन्नडमध्ये नाही म्हणत होते, आणि वैतागून मी नवऱ्याला फोन लावून 'इथेही काही होत नाही, मी येते परत' असं म्हणाले. मामांनी मशीन थांबवलं. "मराठी काय तुम्ही? मग आधी सांगायला काय झालं? मी सुम्ने कन्नडमध्ये भांडत बसलो." सुम्ने म्हणजे उगाच. मामांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी म्हैसुरात आलं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, पण घरात मराठी टिकली होती. तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं होतं की एका वाक्याच्या सुरुवातीला ते मराठीत असले तर शेवटाला कुठे असतील याचा नेम नसे. त्यांनी मला त्या दिवसापासून अक्का म्हटलं, मी त्यांना मामा म्हटलं. पिशवी मात्र सांगितल्या दिवसाच्या तीन आठवड्यांनंतर मिळाली.

वेळेवर कपडा देणं हा मामांना स्वतःचा अपमान वाटत असे. दिवाळीचा ब्लाऊज संक्रांतीला, संक्रांतीचा लग्नसराईत. गिऱ्हाइकं ओरडत, शिव्या देत, आणि पुन्हा तिथेच येत, कारण मामांनी शिवलेला ब्लाऊज अंगावर आहे हे अंगाला कळत नसे. उशीर का झाला असं विचारलं तर ते खोटं कारण कधीच सांगत नसत. "शिवला नाही म्हणून झाला नाही," एवढंच म्हणत. पुढे माझ्या नादाला लागल्यावर कारण आणखी खरं झालं. "केरेवर गेलो होतो," असं ते सांगत. केरे म्हणजे तळं. बँकेतल्या एका बाईंना वाटे, यांना तिथे कोणीतरी भेटतं.

माझ्या नादाला ते लागले ते विहिरीमुळे. त्यांचं घर तळ्याच्या खालच्या अंगाला होतं, चार गल्ल्यांचं सांडपाणी ज्या तळ्यात पडे त्याच्याच खाली, आणि अंगणात विहीर. सगळं घर त्या विहिरीचं पाणी पीत असे. एकदा माझं बोलणं ऐकून त्यांनी खोबरेल तेलाच्या बाटलीत, बाटली सात वेळा धुऊन, विहिरीचं पाणी आणून दिलं. मी तपासलं आणि चाटच पडले. नायट्रेट जवळजवळ नव्हतंच. मी त्यांना कारण समजावून सांगितलं, जसं वर लिहिलं तसंच, फक्त जास्त हातवारे करून. मामांनी ती बाटली हातात घेऊन उजेडात धरली. मग म्हणाले, "म्हणजे ज्याच्यावर आम्ही थुंकतो, त्यानंच आमची विहीर राखली म्हणा की." दुसऱ्या दिवशी सकाळी ते तळ्याकाठी चपला काढून उभे होते असं मला त्यांच्या शेजाऱ्यानं सांगितलं. तिथून पुढे तळ्यात थुंकणाऱ्याशी ते भांडत. भांडणात ते इतके हळू आवाजात बोलत की समोरच्याला ऐकायला जवळ यावं लागे, आणि जवळ आलं की मामा त्याला जंतूंची माहिती देत.

माझा अभ्यास त्या सुमारास बुडण्याच्या बेतात होता. चिखलात पारदर्शक पाईप खुपसायचा, वरचं पाणी आणि खालचा चिखल जसाच्या तसा उचलून आणायचा, वरच्या पाण्यात मापाचं नायट्रेट घालायचं आणि रोज किती उरलं ते बघायचं, अशी पद्धत होती. पण माझा प्रत्येक पाईप वर येईपर्यंत ढवळून निघे. सगळा काला. आकडे एकमेकांशी बोलायला तयार नसत. मामा दोन दिवस काठावर उकिडवे बसून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अक्का, राग नका मानू. तुम्ही पाईप घुसवता. घुसवायचा नाही. नुसता धरायचा, हातानं वजन द्यायचं, मत्ते तो आपणहून जातो." मत्ते म्हणजे मग. पंचा वर खोचून ते पाण्यात उतरले, डोळे मिटले आणि पाईप धरून कितीतरी वेळ उभे राहिले. मग पाण्याखाली हात घालून त्यांनी पाईपच्या बुडाला बूच लावलं. ते बूचही त्यांनीच केलेलं, रबराच्या गोळ्यावर स्कूटरच्या सीटचं रेक्झिन ताणून शिवलेलं. पाईप वर आला. वर काचेसारखं पाणी, खाली बोटभर नाही असा तांबूस थर, त्याच्याखाली, हवा पोचत नाही तिथे, काळा चिखल, आमच्या जंतूंचं घर, आणि तांबूस थरातून एक बारीक लाल किडा डोकं काढून आमच्याकडे बघत होता. माझ्या प्रबंधातला एकूणएक नमुना त्यानंतर मामांच्या हातानं निघाला. मी काठावर वही घेऊन बसत असे.

चिखल पारखण्याची त्यांची स्वतःची रीत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यात ते तो रेशमासारखा चोळत, नाकाशी नेत, आणि सांगत, "ह्यानं चार दिवसांत काही खाल्लं नाही," किंवा, "हा चांगला जेवणारा आहे." मी प्रयोगशाळेत तपासून बघे. दहातल्या आठ वेळा ते बरोबर निघत. उरलेल्या दोन वेळा माझंच काहीतरी चुकलेलं असे. एक गोष्ट मात्र त्यांना सहन होत नसे. तुलनेसाठी आम्ही काही चिखल उकळून त्यातले जंतू मारत असू, म्हणजे नायट्रेट जंतूच संपवतात हे सिद्ध होतं. चिखल उकळायला ठेवला की मामा बाहेर जाऊन उभे राहत. "त्यांचं काय चुकलं होतं, अक्का?" असं एकदा त्यांनी विचारलं. मी शास्त्रात तुलनेचं महत्त्व काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी पुन्हा बाहेर गेले.

हुणसूरच्या बाजूला तंबाखूची शेती आहे, खत भरपूर पडतं, म्हणून तिकडच्या एका तळ्याचेही नमुने हवे होते. सरकारी बसनं आम्ही गेलो आणि परत येताना मामा गुडघ्यांत दोन पाईप धरून, त्यांना ब्लाऊजच्या अस्तराचं कापड गुंडाळून बसले. कंडक्टरनं हे काय म्हणून विचारलं. "हुणसूरचा चिखल," मामा म्हणाले. "म्हैसुरात नाही मिळत?" "मिळतो. पण त्याचा स्वभाव वेगळा." त्यावर सबंध बसमध्ये चर्चा सुरू झाली. एका तंबाखूवाल्यानं आपल्याकडचा चिखल म्हैसूरच्या चिखलापेक्षा केव्हाही सरस असल्याचं ठासून सांगितलं, आणि मामांनी त्याला खत किती घालता असं विचारून गप्प केलं. रस्त्यात खड्डा आला की मामा दोन्ही पाईप दोन्ही हातांनी वर उचलून धरत, म्हणजे धक्का त्यांना बसे आणि चिखलाला बसत नसे. म्हैसूर येईपर्यंत त्यांचं हेच चाललं. मी एक पाईप मागितला तर म्हणाले, "तुम्ही वही धरा."

आणखी एक तपासणी होती, तिच्यात वेल्डिंगचा गॅस लागे. तो घातला की जंतूंचं काम अर्ध्यावर थांबतं आणि अर्ध्यावरचा वायू मोजता येतो. कॉलेजनं सिलिंडर मागवायचा कागद वर्षभर टेबलाटेबलांवर फिरवला. मामांचा भाचा म्हैसूरजवळच बेळगोळला एका वर्कशॉपमध्ये होता. मामा तिथून फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये गॅस भरून स्कूटरवर मागे बसून आले. वाटेत पोलिसानं मॅच कुठे आहे म्हणून विचारलं तर यांनी "तळ्यात" असं खरं उत्तर दिलं. आज ते आठवलं की हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. तो अर्ध्यावरचा वायू म्हणजे लोकांना हसू आणणारा, पूर्वी दात काढताना हुंगवायचे तो वायू, हे मी एकदा बोलून गेले. त्यानंतर तळ्यात बुडबुडा आला की मामा शेजारच्याला सांगत, "हसतंय, नोडी." नोडी म्हणजे बघा. माणसांविषयी मात्र ते इतकं मायेनं कधी बोलत नसत. शिकलेल्या माणसांविषयी तर नाहीच. काठावर फिरायला येणाऱ्या इंजिनियर लोकांकडे बघून ते म्हणत, "ह्यांना तळं म्हणजे काठ. काठावर बाक, बाकावर नाव."

मला डॉक्टरेट मिळाली. शोधनिबंध छापून आला. आभाराच्या शेवटच्या ओळीत मी इंग्रजीत 'लोकल हेल्प', म्हणजे स्थानिक मदतनीस, असं लिहिलं होतं. नाव लिहायला हरकत नव्हती. पण माझ्या मार्गदर्शकांनी भुवया उंचावून "टेलर?" असं विचारलं होतं, आणि मी पेन उचलून नाव खोडलं होतं. मामांना मी निबंधाची प्रत नेऊन दिली. त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवून माझ्याकडून ती ओळ वाचून घेतली, अर्थ विचारला, आणि आठ दिवसांनी मी गेले तर ते पान फ्रेम करून विठोबाच्या शेजारी लावलेलं होतं. गिऱ्हाइकांना ते सांगत, "हे लोकल हेल्प म्हणजे मी." बायका कौतुकानं बघत, मग ब्लाऊजचं विचारत. मी दुकानात गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसायला शिकले.

मी बढत्या घेत गेले. विभागप्रमुख झाले, तळ्यांची तज्ज्ञ झाले, माझ्या नावामागे समित्या लागल्या. आणि एक दिवस मामांच्याच तळ्याची सुधारणा निघाली. सगळा चिखल उपसून न्यायचा, काठाला दगड बसवायचे, फिरायला रस्ता, मध्ये कारंजं, कारंज्यात रंगीत दिवे. सांडपाण्याचं काय, तर ते पुढच्या टप्प्यात. मामा पहिल्यांदाच माझ्या ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, पायांत मोजे, हातात कन्नडमध्ये स्वतः लिहिलेला अर्ज. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी तो मला वाचून दाखवला. त्यात त्यांनी कारंज्याला विरोध केला नव्हता, दगडांनाही नव्हता. आधी सांडपाणी बंद करा, मग चिखलाला हात लावा, आणि तोवर निदान वरच्या अंगाचा अर्धा चिखल राहू द्या, एवढंच होतं. याहून शहाणा अर्ज मी माझ्या नोकरीत वाचला नाही. "मी शिंपी माणूस," मामा म्हणाले. "सभेत मी बोललो तर हसतील. हसू देत. पण माझ्यानंतर तुम्ही एक वाक्य बोला, अक्का. जास्त नको." मी म्हटलं, "बोलेन मामा. नक्की बोलेन."

सुधारणेसाठी बोलावलेल्या सभेत मामा उभे राहिले तेव्हा लोक हसलेच. त्यांनी एक पाईप आणला होता, चिखलाचा, आणि तो वर धरून ते तांबूस थर आणि काळा थर समजावू लागले. अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावला. कोणीतरी मागून म्हणालं, "टेलरमास्टर, माप घेतलंत का चिखलाचं?" मामा म्हणाले, "घेतलंय. अकरा वर्षं घेतलंय." त्यावर आणखी हशा झाला. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही यातल्या तज्ज्ञ. तुमचं काय मत?"

त्या सुधारणेत पाणी तपासण्याचं काम आमच्या विभागाला मिळणार होतं. तशा पत्राचा मसुदा माझ्या ड्रॉवरमध्ये होता, आणि त्या कामावर माझी नोकरीतली मुदतवाढ अवलंबून होती. हे सगळं त्या क्षणी आठवलं असं मी म्हणणार नाही. मला ते सकाळपासून आठवत होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "या विषयात अधिक अभ्यासाची गरज आहे."

वाक्य एकच होतं. मामांनी मागितलं तेवढंच.

मामा खाली बसले. त्यांनी पाईप खुर्चीखाली ठेवला आणि अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. सभा संपेपर्यंत ते बसून होते, आणि जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "येतो अक्का." आवाजात काही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात यंत्रं आली. ट्रकामागून ट्रक काळा चिखल भरून नेत होते, आणि रस्त्यावर सांडलेल्या चिखलाला लोक नाक मुरडत होते. तळ पिवळा, खडबडीत, खरवडलेल्या पातेल्यासारखा दिसू लागला. उद्घाटनाला मला व्यासपीठावर खुर्ची होती. कारंजं उडालं, रंगीत दिवे लागले, फोटो निघाले. मामा आले नाहीत. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही, अबोला धरला नाही, दुकानात गेले की स्टूल पुढे करत, चहा मागवत. एकच झालं. माझे ब्लाऊज वेळेवर मिळू लागले. सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळी, इस्त्री करून, कागदात गुंडाळून. बाकीच्या बायकांचे नेहमीसारखे रखडत, आणि माझा तयार असे. इतकी कडक शिक्षा मला आयुष्यात दुसऱ्या कोणी केली नाही. एकदा न राहवून मी म्हणाले, "मामा, माझी घाई नसते हो." ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "नाही अक्का, मोठ्या लोकांचं काम वेळेवर पाहिजे."

दुसऱ्या उन्हाळ्यात तळं हिरवं झालं. आधी पोपटी, मग रंगाच्या डब्यासारखं दाट. एका सकाळी मासे उलटे होऊन काठाला लागले. फिरायला येणारे बंद झाले, कारंज्याच्या तोंडात शेवाळ अडकलं. आणि एक दिवस मामांचा मुलगा माझ्या ऑफिसात येऊन खोबरेल तेलाची एक बाटली ठेवून गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी पाणी तपासलं. चूक असेल म्हणून पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदा तपासून मी रिक्षा करून थेट मामांच्या घरी गेले.

त्यांच्या सुनेला तीन महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती. दूध पुरत नव्हतं म्हणून वरचं दूध सुरू होतं, पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून. मी दारात पोचले तेव्हा सून बाळाला बाटली देत होती. मी चप्पल न काढता आत गेले आणि म्हणाले, "ते पाणी बाळाला देऊ नका. आजपासून नाही. उकळूनही नाही, उकळल्यानं नायट्रेट जात नाही." सुनेनं बाटली बाळाच्या तोंडातून काढली, बाळ रडायला लागलं, आणि ती बाटली हातात धरून तशीच उभी राहिली, आता ती कुठे ठेवायची हे न कळल्यासारखी. मुलगा मला कन्नडमध्ये काहीबाही विचारत होता, कधीपासून, किती, डॉक्टरकडे न्यायचं का. मी आत्ताच न्या म्हटलं. मामा ओटीवर बसले होते. ते उठले नाहीत.

"मत्ते," ते म्हणाले, "अभ्यास झाला काय, अक्का?"

मी रिक्षा थांबवून ठेवली होती, तिच्यातच सुनेला आणि बाळाला बसवलं. बाळाला डॉक्टरांनी तपासलं, काही झालं नव्हतं, देवाची कृपा म्हणायची. पण सून पुन्हा त्या घरात राहायला तयार नव्हती आणि मुलाची नोकरी तशीही बेंगळुरूची निघत होती. विहिरीवर फरशी टाकली गेली. घर विकलं, दुकान बंद झालं. मामांना नको होतं, पण त्यांना कोणी विचारलं असं दिसलं नाही. जायच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले, तर ते आदल्या दिवशीच गेलेले. शेजाऱ्यानं माझ्या हातात एक पुडकं दिलं. शेवटचा ब्लाऊज. वेळेच्या आधी.

त्यानंतर मी एक काम केलं, आणि ते चांगलं केलं म्हणून सांगत नाही. जुन्या वह्या काढल्या, उपसण्याआधीचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले, आणि निबंध लिहिला. मामांचं नाव पहिलं घातलं, माझं दुसरं. कॉलेजचं नाव कुठेही घातलं नाही. तोवर मी निवृत्त झाले होते, त्यामुळे यात धाडस शून्य होतं. छापून आल्यावर प्रत घेऊन बेंगळुरूला गेले. नववा मजला, लिफ्ट, दोन दरवाजे. मामा आणखी बारके झाले होते. नात त्यांच्या चष्म्याशी खेळत होती, धडधाकट, दोन वर्षांची. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेऊन स्वतःचं नाव इंग्रजीत, अक्षराला अक्षर लावून वाचलं. कितीतरी वेळ वाचत होते.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. मग पानं उलटून मोजली. "तेव्हा एक वाक्य मागितलं होतं, अक्का. आता बारा पानं आणलीत."

सून कॉफी घेऊन आली म्हणून बरं झालं. कपाकडे बघत बसता आलं. नात माझ्या पदराला लोंबकळत होती. थोड्या वेळानं मामांनीच विचारलं, "सांडपाणी अजून पडतं?"

"नाही. गेल्या वर्षी पाईपलाईन झाली. नाला बाहेरून वळवला."

"मग आता बसेल."

"काय?"

"चिखल. पानं पडतील, धूळ पडेल, मासे हगतील. बसेल हळूहळू."

"वर्षं लागतील, मामा."

"लागू देत. शिंप्याला घाई कसली?" असं म्हणून ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडे हसले. माझ्याकडे बघून नाही, नातीकडे बघून. पण मी तिथेच बसले होते. जाताना त्यांनी लिफ्टपर्यंत सोबत केली आणि माझा फोन मागून त्यात मुलाकडून आपला नवा नंबर घालून घेतला.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी तळ्यावर गेले. काठावर कोणी नव्हतं. पाणी हिरवटच होतं, पण हात घातला तर बोटं दिसत होती. माझे गुडघे आता अशा कामाचे राहिले नाहीत, तरी साडी खोचून उतरले. पाईप नुसता धरून उभी राहिले, वजन हातानं दिलं, तो खाली जायला कितीतरी वेळ लागला. बूच लावताना दोनदा चुकले. पाईप वर काढून उन्हात धरला आणि दुसऱ्या हातानं मामांना फोन लावला.

"रंग काय आहे?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"वर तांबूस. नखाएवढा थर आहे."

"खाली?"

"खाली पिवळी मातीच आहे." मी पाईप फिरवून बघितला. "नाही, मध्ये काळी रेघ आहे. दोऱ्याएवढी."

"रेघ आहे?"

"आहे मामा."

पलीकडून नातीचा आवाज येत होता, भांडं आपटल्याचा. मामांनी तिला हळूच दटावलं. मग म्हणाले, "अक्का, तो तपासायला नेऊ नका. जसा काढलात तसा परत ठेवा."

मी फोन चालूच ठेवून खांद्याशी धरला आणि पुन्हा वाकले. पाईप होता त्या जागी टेकवला, बूच सोडवलं आणि पाईप वर घेतला, अगदी सावकाश. पाणी थोडं गढूळ झालं. ते निवळेपर्यंत मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. मामांनी फोन ठेवला नव्हता, मीही ठेवला नाही.